पहिलं नको

आई, तुझ्या मुलाच्या बाजूनं बोलायला आता एक बाई येते. बाई कसली, मुलगीच. माझ्या लेकीच्या वयाची. तिचं काम एवढंच, की त्याच्या शेजारी बसायचं, त्याला काय हवंय ते त्याच्याकडूनच समजून घ्यायचं आणि खोलीतल्या बाकीच्यांना ते ऐकायला लावायचं. हे काम तू करायचीस. तू गेल्यावर मी करत आले. आता ती करते. तू असतीस तर तिचे बूट दारात निघायच्या आधीच विचारलं असतंस, 'तू कोण गं आमच्यात?' मी तसं विचारलं नाही. मी चहा टाकला.

कसं झालं ते सांगते. माझ्या लेकीला मुलगी झाली. ती दूर नॉर्थ कॅरोलायनात, कॅरीला असते; आम्ही अजून इथंच, नोव्हायला. नवरा-बायको दोघंही नोकरीला, सकाळी दोन गाड्या दोन दिशांना जातात. तिनं फोनवरच सगळं ठरवून टाकलं. 'आई, नोव्हायचं घर सेल कर आता. या वयात स्नो शव्हल करत बसतेस. मामालाही घेऊन ये, खाली बेडरूम आहे.' ह्यांच्या मागे या घरात आम्ही बहीणभाऊ दोघंच आहोत, वर्तमानपत्रातलं माझं कामही संपलेलं. मला वाटलं, ठीकच आहे. त्याला काउंटीच्या सरकारी कचेरीकडून जी मदत मिळते, म्हणजे कामावर नेणारी गाडी आणि आठवड्यातून काही तास घरी येणारा मदतनीस, तिचा आराखडा दर वर्षी नव्यानं ठरतो. या वेळच्या बैठकीत मी सांगून टाकलं, की आम्ही राज्य सोडतोय.

तिथला अधिकारी शांत माणूस आहे, कायम सर्दी झालेली. त्यानं तुझ्या मुलाकडे पाहून विचारलं, 'जायचंय का तुला?' तुझ्या मुलानं माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, 'तो खूश आहे. भाची आवडते त्याला, आता बाळही आहे.' अधिकाऱ्यानं नाक पुसलं आणि म्हणाला, की इथली मदत बरोबर नेता येत नाही, तिथं त्याला पुन्हा रांगेत उभं राहावं लागेल, नोकरीही सुटेल. एवढा मोठा बदल असताना त्याच्याबरोबर बाहेरचं कुणीतरी असावं हे बरं. असं माणूस मागायचा त्याचा हक्क आहे. आमच्या कचेरीचं नाही, घरातलंही नाही, असं माणूस. त्यासाठी खर्च नाही आणि कुणाची परवानगीही लागत नाही. मग त्यानं सरळ त्यालाच विचारलं, 'हवंय का असं कुणी?' तुझा मुलगा लगेच 'यस' म्हणाला.

मला हसू आलं, कारण या विषयावर मी लिहिलेलं आहे. वृद्धाश्रमातल्या माणसांच्या तक्रारी ऐकायला बाहेरचं माणूस येतं, त्यावर लिहिलंय. कोर्ट एखाद्याचे निर्णय दुसऱ्याच्या हाती सोपवायला निघतं तेव्हा आधी त्याला स्वतःचा वकील देतं, त्यावरही. संध्याकाळच्या आत, शब्दसंख्येत. लिहिताना माझ्या मनात एक चित्र पक्कं होतं, की हे सगळं ज्याला कुणी नाही त्याच्यासाठी. तसं मी त्या अधिकाऱ्याला म्हटलंही: 'पण त्याला मी आहे.'

'तुम्ही आहात म्हणूनच,' तो म्हणाला. 'तो कुठे राहतो यावर तुम्ही कुठे राहता ते ठरणार आहे. तुमचं काही चुकलंय असं नाही. पण तुम्ही दोन्ही बाजूंनी कसं बसणार?'

तू गेलीस त्या वर्षी आम्हीही कोर्टात गेलो होतो. तेव्हाही त्याला वकील मिळाला होता. तो घरी आला, कोटही न काढता सोफ्याच्या कडेला बसला, त्यानं प्रश्न तुझ्या मुलाला विचारले आणि उत्तरं मी दिली. सगळे खूश. न्यायाधीशबाईंनी डॉक्टर-औषधांचे निर्णय माझ्याकडे दिले आणि कुठे राहायचं तो निर्णय त्याच्याकडेच ठेवला. मी ते तेव्हा ऐकलं होतं. मग घरी येऊन त्याची खोली कुठली हे मीच ठरवलं, आणि त्या वाक्याची पुन्हा कधी गरज पडली नाही.

तर ही मुलगी आली. जन्म इथलाच. आई-वडील नागपूरचे, वडील मोटारींच्या कंपनीत. रविवारी विहारात जाणारं कुटुंब. तिचं मराठी घरातल्या घरात शिकलेलं, त्यात 'तुम्ही' हा शब्दच नाही. आल्या आल्या 'हाय मावशी, तू कशी आहेस?' मला ते मावशी टोचलं. जी आपली जागा घ्यायला आलीय तिनं निदान मावशी म्हणू नये. मी विचारलं, या कामात कशी पडलीस? तर हसून म्हणाली, 'बाबा नेहमी सांगायचे, तुझ्यासाठी दुसऱ्याला बोलू देऊ नको. सो मी हाच जॉब घेतला. बाबा म्हणतात, आता तू काय करतेस मग? मी म्हणते, मी बोलत नाही बाबा, मी वेट करते.'

ती खरंच थांबते, आई. तुझा मुलगा वाक्य सुरू करतो, मध्ये अडकतो, वर छताकडे बघतो, जीभ गालात फिरवतो. तू त्या क्षणी त्याचं वाक्य पुरं करायचीस. मीही करते, आयुष्यभर वेळेवर मजकूर दिलेला, अर्धं वाक्य हवेत लटकलेलं मला सहनच होत नाही. ती मात्र हात मांडीवर ठेवून बसते. फ्रिजचा आवाज येत राहतो. मी ओट्याशी उभी राहून कप धुतलेले असले तरी पुन्हा धुते. आणि मग, इतक्या वेळानं, त्याचं वाक्य येतं. मी पुरं केलं असतं त्यापेक्षा वेगळंच.

त्या दिवशी मी शिरा केला होता, तुझ्यासारखा, बदाम-केशर घालून. त्याच्या बशीत वाढायला गेले तर तो म्हणाला, 'नको.' मी म्हटलं, 'घे रे थोडा.' 'नको.' 'तुझ्यासाठी केलाय.' मग त्यानं बशी पुढे केली आणि खाल्ला. आपल्या घरात रोजचंच आहे हे. पण ती पोरगी चमचा हातात धरून बघत राहिली, आणि मला उगाचच आपण काहीतरी चोरताना सापडल्यासारखं वाटलं. शिरा संपल्यावर म्हणाली, 'मावशी, आम्ही दोघं जरा बेसमेंटमध्ये बसतो, ओके?' माझ्या घरात, माझ्या भावाला घेऊन, माझ्याकडेच परवानगी मागत होती; आणि ती परवानगीही नव्हती, नुसती माहिती होती.

मी वर कपड्यांच्या घड्या घालत बसले. खालून आधी काहीच ऐकू येत नव्हतं. मग तो बोलायला लागला. शब्द कळत नव्हते, पण आवाज थांबत नव्हता. मग तो हसला. ते हसणं मला ओळखीचं होतं आणि म्हणूनच राग आला. लहानपणी तो असा फक्त तुझ्याजवळ हसायचा. मी खोलीत आले की तुम्ही दोघं गप्प व्हायचात, आणि मी विचारलं की तू म्हणायचीस, 'काही नाही गं, आमचं आपलं.' इतक्या वर्षांनी मी पुन्हा त्याच दाराबाहेर उभी होते, टॉवेल छातीशी धरून. वय काय माझं, विचार कर.

पुढच्या खेपेपर्यंत त्यानं तिच्यासाठी जेवणाच्या टेबलाची एक खुर्ची ठरवली. माझी. तिचा कॉफीचा कप वेगळा काढून ठेवला. बोलिंग अ‍ॅलीत तो भाड्याच्या बुटांचं काम करतो, हे तुला ठाऊक नसेल, ते तुझ्यानंतरचं. आलेल्या बुटांत फवारा मारायचा, जोडी लावून खणात ठेवायची. मी कधी सोडायला गेले तरी तो मला आत नेत नाही, दारातूनच हात करतो. तिला त्यानं आत नेलं, खण दाखवले, मित्राची ओळख करून दिली. हा मित्र म्हणजे एक उंच, लाल दाढीचा माणूस. एका चेंडूत सगळ्या पिना पडल्या, स्ट्राइक झाला, की आनंदानं रडतो, असं ती मला सांगत होती. माझ्या भावाच्या मित्राविषयी मला ती सांगत होती.

आई, तुला ते कापडाचं दुकान आठवतं? तू काउंटरमागे कापड कापायचीस, तो उंच स्टुलावर बसून रिबिनी गुंडाळायचा. गिऱ्हाईक बायका त्याला विचारायच्या, 'हाऊ आर यू, हनी?' आणि कात्री न थांबवता तू उत्तर द्यायचीस, 'ही इज फाइन, ही लाइक्स युअर हॅट.' एकदा मी शाळेतून तिथं धावत आले. निबंधाला पहिलं बक्षीस मिळालं होतं, तो मोठ्यानं वाचून दाखवायचा होता. मी सुरुवात केली आणि त्यानं तोंड उघडलं, तशी तू त्याच्याकडे वळलीस. मी म्हटलं, 'आई, मी बोलतेय ना.' तू कात्री खाली ठेवलीस. 'तुला तोंड आहे,' म्हणालीस. 'तू केव्हाही बोलशील. त्याचं आधी ऐकू दे.' त्याला पाणी हवं होतं. ते दिल्यानंतर दुकानात गर्दी झाली, मग आपण घरी निघालो. निबंध तू पुढे कधीतरी वाचलास, एकटीनं. 'छान लिहिलायस,' म्हणालीस. मला ते मोठ्यानं वाचायचं होतं.

आणि तो कोट. मला ह्यूस्टनच्या वर्तमानपत्रातून बोलावणं आलं तेव्हा मी चोवीस-पंचवीसची असेन. आपले काका-काकू तिथं जवळच, शुगर लँडला होते. त्यांनी खोलीसुद्धा रिकामी करून ठेवली होती. मी तुला सांगितलं. तू पोळ्या लाटत होतीस, लाटतच राहिलीस. 'बघ बाई, तुला वाटेल तसं,' एवढंच म्हणालीस. दुसऱ्या दिवशी कामावरून येताना एक भला मोठा खोका घेऊन आलीस. आत कोट. लोकरीचा, गडद लाल, टाचांपर्यंत लांब. आत रेशमी अस्तर तू स्वतः लावून घेतलेलं. इतकी सुंदर वस्तू तू मला त्याआधी कधी दिली नव्हतीस. 'इथल्या थंडीला बरा पडेल,' म्हणालीस. ह्यूस्टनला बारा महिने घाम येतो. तिथं असल्या कोटाचं कुणी काय करणार? मी तो घालून आरशासमोर फिरून दाखवला, तू कॉलर सारखी केलीस, तो टाळ्या वाजवत होता. आपल्या तिघांत त्यावर तेवढंच बोलणं झालं. सोमवारी मी ह्यूस्टनला फोन करून नको म्हटलं. त्यांनी ते ताबडतोब मानलं.

जबरदस्ती तू केली नाहीस. मी वर्षानुवर्षं तो कोट घातला, लोक अजून त्याची आठवण काढतात. पण त्या दिवसांत माझ्या शेजारी येऊन बसेल, तुझं नाही, त्याचं नाही, कुणाचंच नाही असं एखादं माणूस; हात मांडीवर ठेवून विचारेल, तुला काय पाहिजे, आणि थांबेल, असं कुणी आलं नाही. येणार तरी कसं? मला तोंड होतं.

मी हे त्या पोरीला चेष्टेत म्हटलंही. तिला गाडीपर्यंत सोडायला गेले होते. म्हटलं, 'काय गं, माझ्यासाठी पण एखादी पाठव की.' ती खळखळून हसली. 'मावशी, काउंटीच्या सर्व्हिसेस घेत असशील तरच मिळते. आणि तुला तर बोलता येतं!' तिच्या जागी तू उभी आहेस असं क्षणभर वाटलं मला.

मग गाडीचं दार उघडं ठेवूनच ती म्हणाली, 'मावशी, एक सांगू? हे सांगायला त्यानं ओके दिलंय. त्याला शिरा आवडत नाही.'

'काहीतरीच. लहानपणापासून खातो तो.'

'तो नो म्हणतो. एव्हरी टाइम.'

'अगं, आपल्यात पहिलं नको धरायचं नसतं. कुणीही पाहुणा आधी नकोच म्हणतो. आग्रह करायचा असतो.'

'आय नो! माझी आजी पण. तीनदा विचारायची. पण मला तिसऱ्या टाइमला हो म्हणायचं असायचं, ना? मला लाडू हवाच असायचा. त्याचं तसं नाही. तो फर्स्ट टाइमलाच खरं सांगतो. मग तू सॅड होशील म्हणून हो म्हणतो.'

ती गेली आणि मी ड्राइव्हवेवरच उभी राहिले. मला शिऱ्याचं काही वाटलं नाही. मला फेब्रुवारीतली एक दुपार आठवली. रस्त्यांवर बर्फासाठी मीठ टाकलेलं, गाडीची काच पांढऱ्या डागांनी भरलेली, मी त्याला कामावरून घरी आणत होते आणि वाटेत कॅरीचं सांगितलं होतं. तो खिडकीकडे बघत म्हणाला होता, 'नको.' मी म्हटलं, 'अरे, बाळ आहे तिथं. मजा येईल.' 'नको, ताई.' मी म्हटलं, 'मग ताई एकटी कशी जाणार?' बराच वेळ तो वायपरकडे बघत बसला. मग म्हणाला, 'हो.' आणि तो हो घेऊन मी बैठकीला गेले होते. खूश आहे म्हणून सांगितलं होतं. आपण दोघींनी त्याला जेवायला वाढलं तसंच मी त्याला हे वाढलं, आई, आणि त्यानं बशी पुढे केली.

परवा शेवटची बैठक झाली. अधिकारी, ती, तो आणि मी. ती त्याच्या शेजारी बसली, पण बोलली जवळजवळ नाहीच. सुरुवातीला फक्त विचारलं, ती नेहमी विचारते तसं, तिच्या त्या अमेरिकन मराठीत, 'तुला काय पाहिजे?' तो छताकडे बघायला लागला. वाक्य माझ्या जिभेवर तयार होतं, दोन-तीन तऱ्हांनी तयार होतं. मी खुर्चीची कड धरून ठेवली. अधिकाऱ्याला शिंक आली, तीही त्यानं दाबली. आणि तो बोलला, इंग्रजी-मराठी मिसळून, थांबत थांबत. 'मी इथे. बोलिंग. अपार्टमेंट, मी आणि...' मग मित्राचं नाव. 'मदतवाला माणूस येईल. भात मला येतो. ताई जाऊ दे. संडेला फोन.' मग माझ्याकडे वळून, मी दुखावले आहे का ते तपासत, 'ताई, बाळाचा फोटो पाठव.'

ठरलं तसंच. बोलिंग अ‍ॅलीजवळ दोघांसाठी घर बघतायत. अधिकाऱ्यानं सगळं पुन्हा वाचून दाखवलं, तुझ्या मुलानं 'यस सर' म्हटलं. त्या पोरीनं त्याला टाळी दिली. मी बघत होते. मला वाटत होतं, मला हेवा या पोरीचा वाटतोय. इतके आठवडे मी तसंच समजत होते. तिला खुर्ची मिळाली, कप मिळाला, हसणं मिळालं. पण त्या खोलीत मी तिच्याकडे बघतच नव्हते. मी त्याच्याकडे बघत होते. पन्नाशी गाठलेला, टक्कल पडत चाललेला तुझा मुलगा, ज्याचं म्हणणं ऐकायला एक आख्खी खोली श्वास रोखून बसली होती. आधी तू होतीस, मग मी, आता कायदाही. मला त्याचाच हेवा वाटत होता, आई. दुकानात रिबिनी गुंडाळायचा तेव्हाही वाटायचा.

बाहेर पार्किंगमध्ये आलो. त्यानं जॅकेट घातलं, पण चेन लावायची सोडून माझ्यासमोर उभा राहिला. काहीतरी सुरू केलं, अडकला. मी थांबले. पहिल्यांदाच नीट थांबले असेन, घाई कसलीच नव्हती. शेवटी तो म्हणाला, तिच्यासारखाच, तोच स्वर:

'ताई, तुला काय पाहिजे?'

कुणीही कधी विचारलं नव्हतं मला. तू नाही, ह्यांनी नाही, लेकीनं तर खालची बेडरूमसुद्धा वाटून टाकली होती. आणि माझ्या तोंडून काय निघावं? इतक्या वर्षांची सवय. मी त्याची कॉलर सारखी केली आणि म्हटलं, 'मला काही नको रे.'

त्यानं माझं ऐकून घेतलं. मग मान हलवली, 'ओके' म्हणाला, आणि चेन लावून गाडीत जाऊन बसला. त्यानं माझं पहिलंच नको धरलं. त्याला तेवढंच ठाऊक आहे. तो स्वतः तसाच बोलतो.

मी गाडीबाहेर थोडा वेळ उभी राहिले. लेकीला मी अजून हो कळवलेलं नाही. हे तुला लिहून कुठं पाठवायचं तेही मला माहीत नाही, आणि पाठवायचं असतं तर एवढं लिहिलंही नसतं. पण एक सांगते. काच खाली करून तो पुन्हा एकदा विचारेल म्हणून मी तिथं उभी होते.